निनांवी हात आणि रसिकांचा मेळा

उत्तरपत्रिकेवर नांव घालण्यास एखादा विद्यार्थी विसरला, तरी ती कोणाची हें अनुभवी शिक्षकास अक्षराच्या वळणावरून तत्काळ कळतें. सारें आयुष्य शाळेंत घालविलेल्या आम्हांस त्यांत नवल वाटत नाहीं. परंतु शाळकरी मुलांनीं शेंकडों मैल दूर राहणाऱ्या एका निनांवी चित्रकाराचा हात केवळ रेषेवरून ओळखावा, मोठेपणीं त्याचें नांव शोधून काढावें, आणि उतारवयांत त्यास भर सभेंत मानानें आणून बसवावें, ही गोष्ट मात्र नवलाची खरी. ती अमेरिकेंत घडली. आमच्या वाचकांच्या घरोघरीं मुलांच्या हातीं चित्रकथा असतात, म्हणून ती येथें थोडी विस्तारानें सांगतों.

या चित्रकाराचें नांव कार्ल बार्क्स. त्यांचा जन्म १९०१ सालीं ऑरेगॉन प्रांतांतील एका शेतकरी कुटुंबांत झाला. लहानपणापासून ऐकूं कमी येत असल्यामुळें गुरुजींचें बोलणें त्यांस नीट कळत नसे. शिक्षण लवकरच सुटलें. पुढें शेती, लांकूडतोड, छापखाना असे नाना उद्योग करून १९३५ सालीं ते वॉल्ट डिस्ने यांच्या चित्रपटसंस्थेंत लागले. १९४२ सालीं ती नोकरी सोडून त्यांनीं चित्रकथांचें काम धरलें, आणि १९६६ सालीं निवृत्त होईपर्यंत डोनाल्ड डक या तापट बदकाच्या व त्याच्या गोतावळ्याच्या सुमारें ५०० कथा सिद्ध केल्या. अगणित संपत्ति असूनहि दिडकीसाठीं जीव टाकणारा स्क्रूज मॅकडक हा म्हातारा काका १९४७ सालीं त्यांच्याच लेखणींतून उतरला.

कल्पना त्यांची, रेषा त्यांची. परंतु अंकावर नांव एकट्या डिस्ने यांचें. बार्क्स यांस पानामागें ठरलेली मजुरी मिळे. पात्रांवर वा विक्रीवर त्यांचा कांहींहि हक्क नव्हता. ज्या मासिकांत त्यांच्या दहा-दहा पानांच्या कथा येत, त्याचा खप १९५३ च्या सुमारास महिन्यास तीस लाखांहून अधिक होता. इतक्या घरांत त्यांचें काम पोंचलें, पण नांव एकाहि अंकावरून पोंचलें नाहीं. वाचकांचीं पत्रेंहि बहुधा त्यांच्यापर्यंत येत नसत.

तथापि मुलांचे डोळे फसले नाहींत. त्याच बदकांच्या कथा इतर चित्रकारहि काढीत असत. परंतु यांपैकीं एकाची कथा अधिक बांधेसूद असते, त्याच्या बदकांच्या मुद्रेवर राग, लोभ, लज्जा हे भाव माणसांसारखे उमटतात, आणि त्यांच्या प्रवासांतील डोंगर, नद्या व भग्न नगरें हीं खऱ्या भूगोलाला धरून असतात, हें त्या बालरसिकांनीं हेरलें. नांव ठाऊक नाहीं, तेव्हां त्यांनीं त्यास ‘बदकांचा चांगला चित्रकार’ हेंच नांव देऊन टाकलें! अखेर १९६० सालीं दोघां बंधूंनीं शोध लावून बार्क्स यांस पत्र धाडलें. त्या वेळीं ते साठीच्या घरांत होते. हें पत्र म्हणजे कोणा मित्राची थट्टा असावी, असें त्यांस प्रथम वाटल्याचें सांगतात. उभ्या कारकीर्दींत ज्यास कौतुकाचा शब्द क्वचितच ऐकावयास मिळाला, त्यास खरें कौतुकहि थट्टेसारखें वाटावें, यांत त्याचा काय दोष?

अमेरिकेंत १९६० नंतरच्या दशकांत अशा वाचकांचीं संमेलनें भरूं लागलीं. सॅन डिएगो येथें १९७० सालीं पहिलें संमेलन एका हॉटेलांत भरलें, त्यास सुमारें ३०० मंडळी जमली होती. अलीकडे त्याच संमेलनास लाखाहून अधिक लोक लोटतात. एका दालनांत जुन्या अंकांची खरेदी-विक्री, दुसऱ्यांत चित्रकारांशीं प्रश्नोत्तरें, आणि मेजाशीं बसलेल्या कलावंतापुढें स्वाक्षरीसाठीं रांग, असा तेथील थाट असतो. १९७६ सालीं बोस्टन येथील अशा एका संमेलनास बार्क्स प्रथमच गेले. तेव्हां त्यांचें वय ७५ होतें. ज्यांच्यासाठीं त्यांनीं चित्रें काढलीं तीं मुलें आतां बाप्ये झालीं होतीं. आपल्या भवभूतीस, समानधर्मा केव्हां तरी कोठें तरी जन्मास येईल, एवढ्याच आशेवर समाधान मानावें लागलें. बार्क्स यांचें भाग्य असें कीं, त्यांचे समानधर्मी त्यांच्या हयातींतच भेटले, आणि तेहि झुंडीनें!

येथवर कथा गोड आहे; परंतु तिची दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. १९७१ सालीं डिस्ने संस्थेनें बार्क्स यांस त्या बदकांचीं तैलचित्रें काढून विकण्याची परवानगी दिली होती. स्वतःच जन्मास घातलेल्या स्क्रूजकाकास रंगविण्यासहि त्यांस परवानगी लागली, हें वाचकांनीं ध्यानांत घ्यावें. चाहत्यांच्या मागणीमुळें उतारवयांत त्यांस प्रथमच कामाचें यथायोग्य मोल मिळूं लागलें. इतक्यांत कोणा एका चाहत्यानें एका चित्राच्या परस्पर प्रती छापून विकल्या. परिणामीं १९७६ सालींच, म्हणजे ज्या वर्षीं संमेलनांत त्यांचा गौरव झाला त्याच वर्षीं, ती परवानगी काढून घेण्यांत आली. अपराध एकाचा आणि दंड म्हाताऱ्या कलावंतास! कांहीं वर्षांनीं नव्या व्यवस्थेनें तें काम पुन्हां सुरू झालें हें खरें. परंतु गेलेलीं वर्षें पंचाहत्तरीच्या माणसास कोण परत देणार?

पुढें १९९४ सालीं, ९३ व्या वर्षीं, बार्क्स यांनीं युरोपांतील ११ देशांचा दौरा केला व तेथील रसिकांच्या भेटी घेतल्या. २००० सालीं वयाच्या ९९ व्या वर्षीं ते निवर्तले. आकाशांतील एका लघुग्रहासहि त्यांचें नांव दिलेलें आहे. ज्याचें नांव चार आण्यांच्या पुस्तकावर घालण्यास जागा नव्हती, त्याचें नांव अखेर नभोमंडळांत लागलें!

या वृत्तांतावरून आम्हांस दोन गोष्टी दिसतात. रसिकांचें प्रेम कलावंतास नांव मिळवून देऊं शकतें, परंतु हक्क मिळवून देऊं शकत नाहीं. तो करारांतच असावा लागतो. आणि प्रेमास प्रामाणिकपणाची जोड नसेल, तर तेंच प्रेम कलावंताच्या पोटावर येतें. एका वाचकाच्या पत्रानें जें मिळविलें, तें दुसऱ्याच्या लोभानें घालविलें.

तेव्हां घरांतील वडील मंडळींस आमची एवढीच विनंति आहे. मूल चित्रकथा वाचीत असतां, ‘अभ्यास सोडून हें काय?’ असें एकदम न विचारतां, ‘हीं चित्रें कोणीं काढलीं?’ असें विचारून पाहावें. नांव छापलेलें असेल तर त्यास तें वाचावयास लावावें. नसेल तर प्रकाशकास पत्र लिहून विचारण्यास सांगावें. पुस्तक चोरट्या प्रतींतून न घेतां रीतसर विकत घ्यावें. आणि एखादी चित्रकथा मुलास फार आवडली, तर तिच्या चित्रकारास चार ओळी त्याच्याच हातून लिहवाव्या. त्यास पोष्टाच्या तिकिटापलीकडे खर्च नाहीं. आणि तें पत्र ज्याच्या हातीं पडेल, तो कदाचित् वीस वर्षें त्याचीच वाट पाहत बसलेला असेल.