नोंदी पुसल्या जाण्यापूर्वी

माणूस हजर नसताना हवामान-केंद्रावर तापमान, पाऊस, वारा यांच्या नोंदी ठेवणारे यंत्र म्हणजे डेटा लॉगर. अशा अनेक यंत्रांची स्मृती वर्तुळाकार असते : ती भरली, की सर्वांत जुन्या नोंदीच्या जागी नवी लिहिली जाते. कॅम्पबेल सायंटिफिक या अमेरिकन कंपनीच्या सीआर१० लॉगरमध्ये सुमारे २९,९०० आकडे मावत. दर १० मिनिटांनी वेळेसह १० आकडे नोंदवले, तर दिवसाचे १,४४० होतात. म्हणजे स्मृती २० दिवसांत भरणार. महिन्याने गेलो, तर पहिल्या नऊ-दहा दिवसांच्या नोंदी पुसलेल्या! आणि पडून गेलेला पाऊस पुन्हा मोजता येत नाही.

यावर उपाय म्हणजे बाहेरून जोडायची साठवण-पेटी, अर्थात स्टोरेज मॉड्यूल. तिच्या १९२ किलोबाइटांत, आकड्याला दोन बाइट या हिशेबाने, सुमारे ९६,००० आकडे, म्हणजे ६६ दिवसांच्या नोंदी राहत. आत स्वतःची बॅटरी असल्याने पेटी काढून प्रयोगशाळेत नेली तरी नोंदी टिकत. मात्र भरल्यावर थांबायचे, की जुने पुसत पुढे जायचे, हे आधीच ठरवावे लागे.

आज मेमरी कार्डे आली, तरी हिशेब तोच : एकूण जागा भागिले रोजचे आकडे. हा भागाकार विद्यार्थ्यांकडून जरूर करून घ्यावा. केंद्राला भेट कधी द्यायची, याचे उत्तर त्यातच मिळते.