वार्धक्याच्या नावावर खपणारी लक्षणे

घरातील वृद्ध व्यक्ती अबोल झाली, हिशेबात चुकू लागली, चालताना एका बाजूस झुकू लागली, की आपल्याकडे एकच कारण सांगितले जाते : वय झाले. या कारणाला खर्च पडत नाही. प्रस्तुत लेखकाचा विषय अर्थशास्त्र असल्यामुळे फुकट मिळणाऱ्या स्पष्टीकरणांविषयी त्याला थोडा संशय वाटतो, इतकेच.

मेंदूतील गाठ म्हणजे असह्य डोकेदुखी आणि उलट्या, ही समजूत उतारवयात फसवी ठरते. वयोमानाने मेंदू काहीसा आक्रसतो, कवटीत जागा मोकळी होते आणि गाठ वाढली तरी दाब बराच काळ जाणवत नाही. आधी दिसते ते औदासीन्य, विसराळूपणा, स्वभावातील पालट. त्यावर स्मृतिभ्रंशाचा किंवा नैराश्याचा शिक्का बसतो. कित्येकदा तो खराही असतो. म्हणून तर घोटाळा होतो. मात्र स्मृतिभ्रंश बहुधा वर्षानुवर्षे वाढतो आणि पक्षाघात अकस्मात येतो. काही आठवड्यांत वा महिन्यांत माणूस बदलला, एका हातापायातील शक्ती हळूहळू ओसरली, किंवा साठीनंतर आयुष्यात प्रथमच आकडी आली, तर मेंदूचे स्कॅन टाळू नये.

अमेरिकेचे सिनेटर जॉन मॅक्केन ८ जून २०१७ रोजी समितीपुढे विसंगत प्रश्न विचारू लागले, तेव्हा ते ८० वर्षांचे होते. रात्री जागून बेसबॉल पाहिल्याचा विनोद त्यांनी स्वतःच केला. जुलैत मेंदूतील घातक गाठ निघाली. त्या गोंधळाचे मूळ गाठीतच होते असे सिद्ध झालेले नाही. परंतु वयाचे स्पष्टीकरण किती सहज पचते, हे मात्र दिसले.

सगळ्याच गाठी घातक नसतात. मेंदूच्या आवरणातून उद्भवणारी मेनिंजिओमा ही गाठ वृद्धांत वरचेवर आढळते. ती बहुतांशी कर्करोगाची नसते; शस्त्रक्रियेने काढता येते, वा लहान असल्यास नुसते लक्ष ठेवता येते. १९७१ साली लंडनमध्ये पहिल्या रुग्णाचे सीटी स्कॅन झाले, त्यापूर्वी असे निदान अतिशय यातनामय होते.

आता अडचण आहे ती पैशाची. आयुष्मान भारत योजनेत २०२४ पासून सत्तरीपुढील सर्वांना वर्षाला पाच लाखांचे संरक्षण आहे, पण ते रुग्णालयात दाखल झालेल्यास. दाखल होण्यापूर्वीच्या तपासण्यांना केवळ तीन दिवसांची सवलत. दाखल व्हावे की नाही हे ठरवणारे स्कॅन मात्र कुटुंबाने पदरमोड करून करावयाचे. जिल्हा रुग्णालयातील डॉक्टरांच्या चिठ्ठीवर तेवढा खर्च योजनेतून मिळावा, ही मागणी अवाजवी म्हणता येणार नाही.