समोरचे गडी मोजून डाव

मुलांनो, अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात तो आपला फुटबॉल नव्हे. तिथे दोन्ही टोकांना निमुळता चेंडू हातात घेऊन पळतात, नाहीतर पुढे फेकतात. दोन्ही बाजूंना ११-११ गडी. चार प्रयत्नांत १० यार्ड पुढे सरकले नाही तर चेंडू गेलाच समजा!

डाव आधी ठरलेला असतो. पण चढाई करणाऱ्या संघाचा म्होरक्या, म्हणजे क्वार्टरबॅक, चेंडू हातात येण्याआधी समोरचे गडी मोजतो. वाट काढून देणारे आपले सहा आणि समोर दाटीने उभे आठ, तर पळून काय होणार? तिथेच आडवा! पण आठ पुढे आले म्हणजे मागे राखणीला तिघेच उरले. मग तो डाव बदलतो. चेंडू लांब फेकायचा. उलट, दोघेजण खूप मागे उभे असले की पुढची फळी विरळ होते. तेव्हा पळणेच बरे.

हे सारे ४० सेकंदांच्या आत, आणि ओरडून, पण खुणेच्या शब्दांत. पेटन मॅनिंग हा खेळाडू 'ओमाहा' असे ओरडे. हे खरे तर एका शहराचे नाव! जानेवारी २०१४ मधल्या एका सामन्यात तो हे ४४ वेळा ओरडला. अर्थ त्यानेच पुढे सांगितला : डाव बदललाय, वेळ थोडा आहे, चेंडू लगेच द्या.

बचाव करणारेही काही कमी लबाड नसतात. मुद्दाम पुढे येऊन उभे राहतात नि चेंडू हलताच मागे पळतात. मोजणी फसते, आणि फेकलेला चेंडू नेमका त्यांच्याच हातात पडतो.