मुलांसाठी कोडिंग क्लब निवडताना

पुण्याच्या मंडईची दगडी इमारत १८८६ मध्ये खुली झाली, तेव्हा तिला गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव देण्यात आले होते. या इमारतीवर मोठी रक्कम खर्च करण्याऐवजी ती शिक्षणासाठी वापरावी, अशी भूमिका जोतीराव फुले यांनी नगरपालिकेचे सभासद असताना घेतली होती. इमारत उभी राहिलीच. पुढे आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने तिलाच महात्मा फुले मंडई हे नाव मिळाले. पैसा वास्तूवर खर्च होतो की शिकण्यावर, हा जोतीरावांचा प्रश्न मुलांसाठी कोडिंगचा वर्ग शोधणाऱ्या आजच्या पालकांनाही विचारावा लागतो.

संगणकाने करावयाच्या कामाच्या सूचना क्रमवार व निःसंदिग्धपणे लिहिणे म्हणजे कोडिंग. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने सहावी ते आठवीच्या टप्प्यावर अशा उपक्रमांचा समावेश सुचविला आहे. त्यामुळे पालकांची उत्सुकता वाढली आणि जाहिरातीही वाढल्या. शाळकरी मुले कोट्यवधी रुपये कमावतील असे सुचविणाऱ्या एका ऑनलाइन कंपनीच्या काही जाहिराती त्याच वर्षी जाहिरात मानक परिषदेच्या हस्तक्षेपानंतर मागे घ्याव्या लागल्या. कर्ज काढून वर्षभराची फी आगाऊ भरणाऱ्या कुटुंबाने हे अवश्य ध्यानात ठेवावे.

क्लासमध्ये ठरलेला अभ्यासक्रम पुढे सरकतो. क्लबमध्ये मूल आपल्या आवडीची वस्तू घडविते आणि मोठी माणसे साहाय्य करतात. २०११ मध्ये आयर्लंडच्या कॉर्क शहरात सुरू झालेली कोडरडोजो आणि २०१२ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झालेला कोड क्लब हे दोन्ही उपक्रम स्वयंसेवकांच्या बळावर, मुलांकडून फी न घेता उभे राहिले. म्हणून जास्त फी हे चांगल्या शिक्षणाचे प्रमाण मानण्याचे कारण नाही.

मग पारख कशी करावी? मंडईच्या मध्यभागी अष्टकोनी मनोरा आहे. असा अष्टकोन स्क्रॅच या मोफत प्रणालीत काढायचा, तर लेखणी खाली टेकवून एवढीच सूचना द्यावी लागते : साठ पावले पुढे जा, ४५ अंश वळा, हे आठ वेळा करा. पूर्ण फेरी ३६० अंशांची आणि कोपरे आठ, म्हणून ४५. फळ्यावरून सूचना उतरवून घेणाऱ्या मुलाच्या पडद्यावरही अष्टकोन उमटतो आणि स्वतः शोधणाऱ्याच्याही. भेद पुढच्या पायरीवर कळतो. ४५ च्या जागी ४० घातले, तर आकृती मिटत नाही. आठ वळणांत ३२० अंशच पूर्ण होतात आणि एक बाजू उरते. आवर्तने नऊ केली की नवकोन पूर्ण होतो. ज्या क्लबमध्ये मुलाला ही न मिटलेली आकृती पाहत बसण्यास आणि कारण शोधण्यास वेळ मिळतो, तो क्लब निवडावा. जेथे शिक्षक लगेच माउस हाती घेऊन चूक दुरुस्त करतात, तेथे आकृती पूर्ण होते; मुलाचा विचार मात्र अपुरा राहतो.

प्रवेश घेण्यापूर्वी पालकांनी एक तास वर्गात बसण्याची परवानगी मागावी. एका संगणकावर किती मुले बसतात, मुलींच्या हाती कळफलक येतो की त्या केवळ पाहत राहतात, मराठीतून प्रश्न विचारता येतो काय, हे पाहावे. फी मासिक आहे काय आणि मध्येच सोडल्यास उरलेली रक्कम परत मिळते काय, हे लेखी घ्यावे. स्क्रॅच प्रामुख्याने ८ ते १६ वयोगटासाठी आहे; आठ वर्षांच्या मुलास थेट पायथनसारखी भाषा शिकविण्याची घाई नको. महिन्याभराने मुलाला प्रमाणपत्राविषयी न विचारता, “तू काय केलेस, ते मला समजावून सांग,” असे म्हणावे. संगणक न कळणाऱ्या आईवडिलांनाही त्या उत्तरावरून बरेच कळते.

निवासी शाळेतील मुलांना बाहेरच्या क्लबला नित्य जाणे शक्य नसते. त्यांच्यासाठी शाळेतच क्लब सुरू करणे हा उत्तम मार्ग होय. स्क्रॅच एकदा संगणकात उतरवून घेतले की इंटरनेटवाचूनही चालते. संगणक अपुरे असतील, तर न्यूझीलंडच्या कँटरबरी विद्यापीठातून विकसित झालेल्या ‘सीएस अनप्लग्ड’ उपक्रमातील खेळ कागद, पत्ते आणि दोरी यांच्या साहाय्याने खेळता येतात. शिक्षकास सर्व उत्तरे ठाऊक असण्याची गरज नाही. मुलांसोबत शोधण्याची तयारी मात्र हवी. रविवारचे दोन तास, संगणक कक्षाची किल्ली आणि पुण्यामुंबईत नोकरी करणारे दोन माजी विद्यार्थी एवढ्यावर आरंभ होऊ शकतो. ही स्मरणिका ज्यांच्या हाती पडेल, त्यांतील कोणी संगणक क्षेत्रात असेल, तर त्याने महिन्यातील एक रविवार आपल्या शाळेस द्यावा.