घोड्याची झूल आणि हिंवाळा

‘झूल’ हा शब्द अरबी-फारसी ‘जुल’ यावरून आला. त्याचा अर्थ घोड्याचें पांघरूण. म्हणून जुन्या हिशेबांत झूल दिसतांच ती केवळ शोभेची मानूं नये, असें आम्हांस वाटतें.

रात्रीं कडाका व दुपारीं ऊन अशा हिंवाळ्यांत एकच जाड घोंगडी अहोरात्र ठेवणें घातक. घामानें भिजलेला घोडा रात्रीं गारठतो. तो आधीं कोरडा करावा, मगच पांघरूण घालावें. पातळ कापड तर थंडीनें उभे राहिलेले केंस दडपून त्यांतील उबदार हवा घालवितें.

खरी ऊब मात्र वैरणीच्या पचनांतून येते. १७६१ च्या जानेवारींत पानिपतावर मराठ्यांच्या छावणींत वैरणीचा दुष्काळ पडला होता. तेथें कोणती घोंगडी पुरी पडणार? तेव्हां संग्राहकांनीं झुलीची नोंद वैरणीच्या नोंदीशेजारीं ठेवूनच वाचावी.