प्रवेशाचा अदमास कसा बांधावा?

वसंतातील व्याख्यानांचे दिवस आणि बारावीच्या मुलांच्या घरी काळजीचे दिवस एकाच वेळी येतात. बोर्डाची परीक्षा आटोपलेली असते, प्रवेशपरीक्षा चालू असतात, आणि शेजारीपाजारी भेटला की तोच विषय. आम्ही काही शिक्षक मंडळी माजिवड्यात दर उन्हाळ्यात अशा घरी जाऊन बसतो. प्रश्न बहुधा एकच असतो : “सर, आमच्या मुलाला व्हीजेटीआय मिळेल का हो?” “मिळेल” किंवा “कठीण आहे” असे सांगणारे पुष्कळ भेटतात, परंतु अदमास बांधायचा कसा, हे सहसा कोणी सांगत नाही. तेवढेच आज सांगण्याचा विचार आहे.

प्रथम दारे ओळखून घेऊ. पवईची आयआयटी १९५८ सालची, माटुंग्याची व्हीजेटीआय १८८७ ची, पुण्याचे सीओईपी १८५४ चे. आयआयटीसाठी आधी जेईई मेन आणि मग जेईई ॲडव्हान्स्ड द्यावी लागते. उरलेल्या दोन संस्थांतील बहुतेक जागा राज्याच्या सीईटीच्या गुणवत्तायादीवरून, केंद्रीय प्रवेशफेऱ्यांतून भरतात. बारावीचे गुण येथे पात्रतेपुरते लागतात. सीईटीच्या मार्गाने खुल्या वर्गास विहित विषयांत ४५ टक्के, राखीव वर्गास ४० टक्के. आयआयटीसाठी खुल्या वर्गास ७५ टक्के, अथवा आपल्या बोर्डाच्या वरच्या वीस शतमानांत स्थान. तेव्हा बारावीला ब्याण्णव टक्के पडले, एवढ्यावरून या प्रवेशाविषयी काहीच ठरत नाही.

दुसरी गोष्ट पर्सेंटाइलची. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. आपल्या सत्रात बसलेल्या शंभर मुलांपैकी कितीजणांचे गुण आपल्याइतके किंवा आपल्याहून कमी आहेत, ते हा आकडा सांगतो. परीक्षा अनेक सत्रांत होते, एखादी प्रश्नपत्रिका सोपी तर एखादी अवघड निघते, म्हणून ही योजना. आता सोयीसाठी चार लाख मुले बसली असे धरू. मग ९९ पर्सेंटाइल म्हणजे आपल्यापुढे सुमारे चार हजार मुले. ९५ म्हणजे वीस हजार, आणि ९० म्हणजे चाळीस हजार! “नव्वद पडले” हे ऐकायला केवढे गोड वाटते. परंतु जागा हव्या असलेल्यांच्या रांगेत आपण चाळीस हजारांच्या मागे उभे असतो. नव्याण्णव आणि साडेनव्याण्णव यांच्यामध्येसुद्धा दोन हजार मुले असतात. व्हीजेटीआय आणि सीओईपी येथील संगणक शाखेचे खुल्या वर्गाचे दार नव्याण्णवाच्या पुढच्या दशांशांतच बंद होते, हे लक्षात घेतले म्हणजे अर्ध्या गुणाची किंमत कळते. म्हणून पर्सेंटाइल हाती येताच त्याचा प्रथम क्रमांक करावा.

तिसरी पायरी, तो क्रमांक मागील वर्षांच्या शेवटच्या प्रवेशाशी ताडून पाहणे. प्रत्येक संस्थेत प्रत्येक शाखेला शेवटचा प्रवेश कोणत्या क्रमांकावर झाला, याच्या याद्या सार्वजनिक आहेत. मात्र ताडताना चार गोष्टी जुळल्या पाहिजेत : शाखा तीच, प्रवर्ग तोच, मुलगी असल्यास मुलींच्या जागांचा आकडा, आणि फेरी तीच. एकाच वर्षाच्या यादीवर विसंबू नये. तीन वर्षांच्या याद्या शेजारी ठेवाव्यात. आपला क्रमांक तिन्ही वर्षी आत बसत असेल तर आशा भक्कम. एखाद्या वर्षी आत आणि एखाद्या वर्षी बाहेर असेल तर ती सीमेवरची जागा समजावी. तिन्ही वर्षी बराच बाहेर असेल तर ती केवळ इच्छा, आणि इच्छा बाळगण्यास हरकत नाही. प्रवर्गाचा आधार घेणाऱ्यांनी जातवैधता, नॉन-क्रिमीलेअर ही कागदपत्रे मुदतीआधी हाती ठेवावीत. कागद नसला तर प्रवर्गही गेला, आणि मग सारा हिशोब खुल्या यादीत पुन्हा मांडावा लागतो.

परीक्षा अद्याप व्हायची असेल तर क्रमांक कोठून आणावा, अशी शंका निघेल. सरावाच्या पूर्ण प्रश्नपत्रिका वेळ लावून सोडवाव्यात आणि त्यांतील मधला गुण धरावा. आईबापांना सर्वांत चांगला पेपर आठवतो आणि मुलाला सर्वांत वाईट; दोघेही चुकतात. क्लासच्या जाहिरातींतील छायाचित्रांवरून तर अदमास मुळीच बांधू नये. यशस्वी किती ते तेथे असते, बसले किती ते नसते. २०२५ साली जेईई मेनला सुमारे पावणेपंधरा लाख मुले बसली. त्यांतून पुढे ॲडव्हान्स्ड दिली १,८०,४२२ जणांनी, आणि साऱ्या आयआयटींच्या मिळून जागा १८,१६०. म्हणजे पहिल्या पायरीवरच्या एक्याऐंशी मुलांमागे एक जागा. शिवाय जागा मिळणे निराळे आणि पवईची संगणक शाखा मिळणे निराळे. तेथील खुल्या वर्गाची यादी पहिल्या शंभर क्रमांकांच्या आतच संपते. माजिवड्याहून पवई जवळ आहे खरी, पण त्या जवळिकीचा येथे उपयोग नाही.

आता शेवटची आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट : पसंतीक्रम. जागावाटप गुणवत्तेच्या क्रमाने होते. आपली पाळी आली की आपल्या यादीतील वरून पहिली शिल्लक जागा आपल्याला मिळते. ठाणे स्टेशनच्या खिडकीशी कोकणच्या तीन गाड्यांची नावे सांगावीत तसेच हे. पहिलीत जागा नसली तर बाबू दुसरी पाहतो. पहिली विचारली म्हणून दुसरीतील आपली जागा जात नाही. तेव्हा अवघड वाटणारी पसंती वर लिहिल्याने काडीचे नुकसान होत नाही.

हे आम्ही आज सांगतो, पण काही वर्षांपूर्वी आम्हीच उलटे सांगितले होते. एका मुलाच्या मनात एक शाखा होती. आम्ही म्हटले, “ती सीमेवरची आहे, हातची आधी लिही.” त्याने मान डोलावली. पहिल्याच फेरीत पहिली पसंती मिळाली, आणि नियमाप्रमाणे पहिल्या पसंतीची जागा मिळाल्यावर पुढच्या फेऱ्यांचे दार बंद झाले. याद्या लागल्या तेव्हा त्याच्या मनातली शाखा त्याच्या क्रमांकाच्याही खाली जाऊन संपली होती. “सर, मी ते वर लिहिलं असतं तर?” एवढेच त्याने विचारले. आमच्यापाशी उत्तर नव्हते. अदमास आमचा बरोबर होता, शाखा सीमेवरचीच होती. परंतु तो अदमास वापरण्याची जागा चुकली.

तात्पर्य, अदमासाने यादीची लांबी ठरवावी, क्रम ठरवू नये. वर मनातल्या जागा, मध्ये सीमेवरच्या, खाली भक्कम, आणि भक्कम जागा पुरेशा असाव्यात. नियम वर्षागणिक बदलतात. त्या वर्षीची माहितीपुस्तिका आईबापांनी मुलाशेजारी बसून वाचावी. आणि फॉर्म भरण्यापूर्वी मुलाला एकदा विचारावे, “बाळा, तुला काय शिकायचं आहे?” कारण हे कोणत्याही यादीत छापलेले नसते, आणि पुढची चार वर्षे वर्गात त्यालाच बसायचे असते.