हळदीकुंकू : पंखांच्या खालच्या बाजूची शोभा

पावसाळा संपल्यावर एखाद्या सकाळी पुण्याहून पौडमार्गे मुळशी धरणाच्या बाजूला जाऊन पाहा. रस्त्याच्या कडेला घाणेरीची झुडपे फुललेली असतात. तळहाताएवढे एक फुलपाखरू संथपणे तरंगत येते, फुलांवर टेकते आणि पंख मिटते. मागच्या पंखावर पिवळाधमक रंग, त्यावर काळ्या शिरांची जाळी आणि कडेने लाल ठिपक्यांची ओळ! हळदीवर कुंकवाची बोटे उमटवावीत तशी. म्हणूनच याला मराठीत ‘हळदीकुंकू’ म्हणतात. शास्त्रीय नाव डेलियस युकॅरिस.

मी या फुलपाखराचे पहिले छायाचित्र वरून घेतले होते. ते पाहून वर्गातला एकही विद्यार्थी त्याला ओळखू शकला नाही, कारण वरच्या बाजूने ते बरेचसे पांढरे आणि काळ्या शिरांचे दिसते. चूक माझी होती. पण तिच्यातून एक चांगला प्रश्न निघाला : सगळी शोभा पंखांच्या खालच्या बाजूलाच का?

हे फुलपाखरू बसताना बहुधा पंख पाठीवर मिटून घेते. त्या वेळी वरची बाजू झाकली जाते आणि पाहणाऱ्याला खालचीच बाजू दिसते. शिवाय ते पुष्कळदा झाडांच्या शेंड्यांजवळ उडते. म्हणजे खालून पाहणाऱ्यालाही तीच बाजू दिसणार. हळदीकुंकू पक्ष्यांना बेचव लागते. भडक रंग म्हणजे ‘मला खाऊ नका’ अशी पाटीच होय. पाटी लावायची ती दिसेल अशाच जागी लावावी लागते! ज्याला लपण्याची गरज नाही त्याला घाईचीही गरज नाही. त्याचे संथ उडणे या स्पष्टीकरणाशी जुळते.

आता हे रंग येतात कोठून ते पाहू. पंखांवर कौलांसारखे रचलेले अतिसूक्ष्म खवले असतात. हळदीकुंकू ज्या कुळातले आहे, त्या पिअरिडी कुळातील फुलपाखरांच्या खवल्यांत टेरिन नावाच्या रंगद्रव्यांचे कण असतात. प्रत्येक कण मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान. हे कण दोन कामे करतात. रंगद्रव्य प्रकाशाचा काही भाग शोषून घेते आणि उरलेला प्रकाश कणांमुळे सर्व दिशांना विखुरतो. जांभळा-निळा भाग शोषला गेला तर पंख पिवळा दिसतो. हिरवाही शोषला गेला तर लाल. दृश्य प्रकाश जवळजवळ शोषलाच गेला नाही तर पांढरा. काळ्या शिरा मात्र मेलॅनिनच्या. आपल्या केसांना काळेपणा देणारे द्रव्यही तेच.

इंग्लंडच्या फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स यांनी १८९० च्या सुमारास या कुळातील फुलपाखरांच्या रंगद्रव्यांचा अभ्यास केला. याच हॉपकिन्स यांना पुढे १९२९ साली जीवनसत्त्वांवरील कामाबद्दल नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. गंमत अशी, की फॉलिक आम्ल या जीवनसत्त्वाच्या रेणूतही टेरिनचाच सांगाडा असतो!

आता छायाचित्राकडे वळू. येथे थोडे गणित उपयोगी पडते. मिटलेला पंख सुमारे ४ सेंमी रुंद आहे आणि कॅमेऱ्याच्या संवेदकावर त्याची प्रतिमा १२ मिमी पडते असे समजा. म्हणजे प्रतिमा मूळ आकाराच्या ०.३ पट. प्रतिमेत ०.०३ मिमीपर्यंतचा पुसटपणा चालेल असे धरले, तर छिद्रांक ८ ठेवल्यावर स्पष्ट येणाऱ्या भागाची जाडी फक्त ७ मिमीच्या आसपास भरते. पंख कॅमेऱ्याला ३० अंशांनी तिरका असेल तर त्याची एक कड दुसरीपेक्षा २ सेंमी मागे जाते. मग एक कड स्पष्ट आणि दुसरी पुसट येणारच. म्हणून कॅमेऱ्याची पाठ पंखाला समांतर हवी. वरून नव्हे, तर बाजूने, फुलाच्या उंचीवर वाकून.

दुसरी अडचण वाऱ्याची. फूल सेकंदाला १० सेंमी वेगाने डोलत असेल, तर १/६० सेकंदात ते १.७ मिमी सरकते आणि संवेदकावरील प्रतिमा ०.५ मिमी. चित्र साफ बिघडले! शटरचा काळ १/१००० सेकंद ठेवला तर हेच सरकणे ०.०३ मिमीवर येते. मोबाइलचा संवेदक लहान असल्याने स्पष्ट भागाची जाडी जास्त मिळते, पण जवळ जावे लागते. तेव्हा सकाळची वेळ साधा. गारव्यात फुलपाखरांचे उड्डाणाचे स्नायू पुरते तापलेले नसतात, त्यामुळे ती सुस्त असतात. हळू पुढे सरका आणि आपली सावली त्यांच्यावर पडू देऊ नका. पकडू तर मुळीच नका. बोट लागले तरी खवले गळतात, आणि ते पुन्हा येत नाहीत.

एवढा खटाटोप कशासाठी? ओळख पटण्यासाठी. दक्षिणेकडील पश्चिम घाटात प्रायोनेरिस सीता नावाचे फुलपाखरू हळदीकुंकवाची हुबेहूब नक्कल करते. त्याचे लाल ठिपके चौकोनी असतात, तर हळदीकुंकवाचे आतल्या बाजूला निमुळते. पुसट चित्रात हा फरक कसा कळणार?

शेवटी एक पेच. हळदीकुंकवाची मादी बांडगुळाच्या पानांवर पुंजक्याने अंडी घालते आणि अळ्या तीच पाने खाऊन वाढतात. बांडगूळ मात्र आंब्यासारख्या झाडांचे पाणी शोषते. म्हणून बागाईतदार ते छाटतो, आणि त्यात त्याची चूक नाही. पण बागेतले आणि रानातलेही सगळेच बांडगूळ काढले, तर या फुलपाखराने जायचे कोठे? तुमच्या गावात बांडगूळ असलेली झाडे किती आणि त्यांच्याभोवती हळदीकुंकू किती दिसतात, याची वर्षभर दर रविवारी नोंद ठेवा. छायाचित्रासोबत तारीख, वेळ आणि ठिकाण लिहा. या प्रश्नाचे उत्तर देताना अशा नोंदवहीचाच उपयोग होईल.